ग्रंथालयाने काय विसरावे?

ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाकडी कपाटे, चष्मा नाकावर ओढलेला ग्रंथपाल आणि 'शांतता राखा' ही पाटी उभी राहते. संगणकाची आज्ञावली लिहिणारा माणूस त्या चित्रात कोठेच नसतो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली संगणकशास्त्र शिकून बँकांत, विमा कंपन्यांत, पुण्या-बंगळुरूच्या मोठमोठ्या कार्यालयांत नोकरीला लागली. परंतु 'माझी मुलगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज्ञावली लिहिते' असे एखाद्या आईने सांगितले, तर ऐकणारा क्षणभर थबकेल. तेथे लिहिण्यासारखे आहे तरी काय? पुस्तक द्यायचे, पुस्तक परत घ्यायचे, उशीर झाला तर दंड आकारायचा!

परंतु नेमक्या त्याच ठिकाणी एक फार जुना नैतिक प्रश्न नव्या वेषात येऊन बसला आहे. दुसऱ्याविषयी आपल्याला जे कळते, ते किती काळ आपल्यापाशी ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात या प्रश्नावर तासन् तास चर्चा करता येते. ग्रंथालयातील तंत्रज्ञाला तेवढी सवड नसते. त्याला आज्ञावलीत एक ओळ लिहून उत्तर द्यावे लागते, आणि ती ओळ हजारो माणसांना लागू होते.

प्रथम या व्यवसायाविषयी थोडेसे. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये १९६५ साली हेन्रिएट अव्रॅम नावाची बाई रुजू झाली. ती ग्रंथपाल नव्हती. ती प्रोग्रॅमर होती. पुस्तकाची नोंद यंत्राला वाचता यावी अशा रीतीने कशी मांडावी, हे तिने ग्रंथपालांच्या शेजारी बसून, त्यांची विद्या शिकून ठरवले. 'मार्क' नावाने ओळखला जाणारा तो आराखडा १९६९पासून इतर ग्रंथालयांकडे जाऊ लागला आणि आजही जगभरची ग्रंथालये त्याच्याच आधाराने चालतात. १९७१ साली ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयात तारेने जोडलेल्या दूरच्या संगणकावर पुस्तकांच्या नोंदी करण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प हाती घेतला, तो पुण्याच्या 'आयुका' या संस्थेच्या छत्राखाली; १९९६मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि आता तिचे ठाणे गांधीनगरला आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी या संस्थेने जी प्रणाली तयार केली, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'सोल' हा शब्द होतो. सोल म्हणजे आत्मा! नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हा श्लेष होता की नाही कोण जाणे, परंतु धर्मगुरूच्या कानाला तो ऐकू आल्याखेरीज राहत नाही.

या तंत्रज्ञाचे रोजचे काम बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. एकाच मराठी लेखकाचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारच्या रोमन स्पेलिंगने नोंदलेले असते. ते तिघे एकच आहेत हे यंत्राला शिकवायचे. आपली आडनावे तर या मंडळींची कायमची डोकेदुखी. डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा ही नावे इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक लहानसे चिन्ह टांगलेले असते. अनेक संगणक-भाषांत तेच चिन्ह मजकुराची हद्द दाखवण्यासाठी वापरतात. त्यामुळे बेसावधपणे लिहिलेली प्रणाली 'डी' या एका अक्षरापाशीच नाव संपले असे समजते आणि पुढचा 'सोझा' पाहून गोंधळून जाते. अर्ज भरताना 'आपले नाव अग्राह्य आहे' असा शेरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे मूळ येथे आहे. कोणी एकाने काळजीपूर्वक चार ओळी लिहिल्या तर एका समाजाची सारी आडनावे शाबूत राहतात. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि चोख झाले तर मुळीच भरत नाही.

ग्रंथालयाने जतन करावे, लक्षात ठेवावे, ही अपेक्षा योग्यच आहे. येशूसंघीय धर्मगुरू रॉबेर्तो बुसा १९४९ साली संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची करण्याचा ध्यास घेऊन 'आयबीएम' कंपनीच्या दारात गेले. त्या कामाचे पुढे ५६ खंड झाले. विद्याव्यासंगासाठी संगणकाचा वापर करणाऱ्या पहिल्या मंडळींत एका धर्मगुरूचे नाव घेतले जाते, याचा आपल्याला अभिमान वाटावा. (कागदी पत्र्यांना भोके पाडून ती शब्दसंपदा यंत्रात घालणाऱ्या इटलीतील तरुण मुलींची नावे मात्र फार काळ कोणी विचारली नाहीत.) २००२ साली एमआयटीच्या ग्रंथालयाने विद्यापीठातील संशोधन साठवण्यासाठी 'डीस्पेस' ही प्रणाली एका संगणक कंपनीच्या साहाय्याने तयार केली आणि ती सर्वांना मोफत दिली. आपल्याकडे २००९ सालच्या नियमावलीनंतर पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात 'शोधगंगा'त जाऊ लागले. ज्या प्रबंधाची एखादीच प्रत कपाटात धूळ खात पडायची, तो आता रत्नागिरीचा विद्यार्थी घरबसल्या वाचतो. ही स्मृती पुण्यकारक आहे, यात मला शंका नाही.

परंतु ग्रंथालयाजवळ दोन प्रकारची स्मृती असते. एक पुस्तकांची, दुसरी वाचकांची. पहिली जितकी वाढेल तितकी चांगली. दुसरीचे काय?

ज्यांचे महाविद्यालयीन शिक्षण कागदाच्या युगात झाले, त्यांना ग्रंथालयाची तिकिटे आठवत असतील. विद्यार्थ्याला जाड कागदाचे, खिशासारखे तिकीट मिळे. त्यावर त्याचे नाव. प्रत्येक पुस्तकाच्या आत एक कार्ड असे. त्यावर पुस्तकाचे नाव व क्रमांक. पुस्तक घेताना लिपिक ते कार्ड काढून तिकिटाच्या खिशात सरकवी आणि ही जोडी परतीच्या तारखेनुसार लाकडी पेटीत उभी करी. पुस्तक परत आले की कार्ड पुन्हा पुस्तकात, तिकीट पुन्हा विद्यार्थ्याच्या हातात. या पद्धतीला ग्रंथालयशास्त्रात 'ब्राऊन पद्धती' म्हणतात. नीना ब्राऊन नामक अमेरिकन ग्रंथपाल बाईच्या नावावरून ती ओळखली जाते. हिची खुबी पाहा. पुस्तक बाहेर असेतो ते कोणाकडे आहे हे ग्रंथालयाला बिनचूक ठाऊक असे. ते परत आले की त्याच क्षणी ग्रंथालय सारे विसरून जाई. कार्ड आणि तिकीट वेगळे झाले की दोघांचा संबंध होता याचा कोणताही पुरावा मागे उरत नसे. हे कोणी गोपनीयतेच्या तत्त्वज्ञानातून केले असेल असे मला वाटत नाही. कागद कमी लागत होता आणि काम झटपट होत होते, एवढेच. पण त्या काटकसरीमुळे वाचकाला एक स्वातंत्र्य आयते लाभले होते. ते आहे हेही त्याला ठाऊक नव्हते.

संगणक आला आणि हा हिशेब उलटा झाला. कागदाच्या काळी लक्षात ठेवायला कष्ट पडत. संगणकाच्या काळी विसरायला पडतात. पुस्तकावरील बारकोडवरून लाल किरण फिरला की वाचकाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, तारीख आणि वेळ यांची एक ओळ तक्त्यात जमा होते. पुस्तक परत आले की अनेक प्रणालींत ती ओळ पुसली जात नाही. ती 'जुन्या देवघेवी'च्या तक्त्यात जाऊन बसते. साठवण आता इतकी स्वस्त आहे की पुसण्याचे व्यावहारिक कारण कोणालाच दिसत नाही. दहा वर्षांनंतर एखाद्या मुलीने अठराव्या वर्षी मनोविकारांवरील कोणती पुस्तके कोणत्या आठवड्यात नेली होती, ते एका क्षणात सांगता येते. बरे, ती ओळ पुसली तरी काम संपत नाही. रोज रात्री घेतलेल्या राखीव प्रतींमध्ये ती असते. विद्यार्थी घरून नियतकालिके वाचतो तेव्हा मधल्या सर्व्हरच्या नोंदवहीत त्याचा माग राहतो. दंड थकला असेल तर नाव ठेवावेच लागते. हे सारे कोपरे ठाऊक असलेला माणूस तिथे एकच असतो. ग्रंथपालाला धोरण माहीत असते, कुलगुरूंना अंदाजपत्रक. नाव कोठे कोठे उरते, हे तंत्रज्ञाला ठाऊक असते.

'मी काही वाईट वाचत नाही, मग मला कशाची भीती?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी दोन घटना सांगतो. १९८७च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणित व विज्ञान ग्रंथालयात एफबीआयचे दोन अधिकारी आले आणि परदेशी माणसे ग्रंथालयाचा वापर कसा करतात याची चौकशी करू लागले. ते शीतयुद्धाचे दिवस होते आणि रशियन हेरांचा संशय सर्वत्र होता. विद्यापीठाच्या ग्रंथालय-प्रमुख पॉला कॉफमन यांनी माहिती देण्यास नकार दिला. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले, पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसपुढे त्याची सुनावणी झाली. अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेने वाचकाविषयी मिळालेली खाजगी माहिती गुप्त राखणे हे आपल्या आचारसंहितेत १९३९ सालीच घातले होते, त्याचे फळ असे दिसले.

दुसरी घटना २००५ची, कनेक्टिकट राज्यातील. तेथे अनेक ग्रंथालयांची मिळून एक सामायिक संगणक-व्यवस्था आहे. त्या संस्थेकडे एफबीआयचे पत्र आले: अमुक दिवशी, अमुक पाऊण तासात, अमुक संगणक कोणी वापरला ते कळवा, आणि हे पत्र आले आहे हेही कोणाला सांगू नका. चार ग्रंथपाल न्यायालयात गेले. स्वतःच्याच खटल्यात आपले नाव उघड करण्याची त्यांना मुभा नव्हती. २००६ साली सरकारने ती तोंडबंदी आणि मागणी दोन्ही मागे घेतल्या. येथे एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. १९८७ साली अधिकाऱ्यांना एका माणसाला प्रश्न विचारावा लागला. माणूस 'नाही' म्हणू शकतो. २००५ साली विचारणा यंत्रातील नोंदीची होती. नोंद 'नाही' म्हणू शकत नाही. ती असते किंवा नसते.

सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्रात गुपितांचे तीन प्रकार शिकवीत. उघड झाल्यास दुसऱ्याची हानी होईल अशी, कशीही कळलेली गोष्ट, हे स्वाभाविक गुपित. कळल्यानंतर 'सांगणार नाही' असा शब्द दिला, तर ते वचनाचे गुपित. आणि आधी विश्वास ठेवून, मग सांगितले गेलेले, ते सोपवलेले गुपित. वैद्य, वकील, सल्लागार यांचे. प्रायश्चित्त संस्कारातील मुद्रा या सर्वांहून वेगळी आणि अभेद्य. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती मोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शिक्षा सांगितली आहे. ही वर्गवारी मला आजही उपयुक्त वाटते. परंतु ग्रंथालयाच्या तक्त्यातील ती ओळ यांपैकी कशात बसवावी? वाचकाने ती कोणाला सांगितलेली नाही. कोणी ती ऐकलेली नाही. अजून कोणी वाचलेलीही नाही. कोणालाच न कळलेले असे हे गुपित आहे, आणि तरीही ते लिहून तयार आहे. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांना याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांच्या जगात गुपिताला नेहमी एक धनी असे, ज्याच्या विवेकबुद्धीला आवाहन करता येई.

म्हणून तंत्रज्ञाचे कर्तव्य धर्मगुरूच्या किंवा वैद्याच्या कर्तव्यासारखे आहे असे कोणी म्हटले, तर ते मला पुरते पटत नाही. आम्हाला कळते आणि आम्ही बोलत नाही. धर्मगुरूच्या मौनाची किंमत तो स्वतः मोजतो. तंत्रज्ञाने मात्र असे काही रचायचे असते की ज्यामुळे पुढे कोणाला मौन पाळण्याची गरजच पडू नये. तो उद्या नोकरी सोडून जाईल, त्याच्या जागी कमी सज्जन माणूस येईल, सरकार बदलेल. आपल्यानंतर येणाऱ्याच्या सद्गुणावर अवलंबून राहावे लागू नये, अशी त्याची प्रामाणिकता हवी. सद्गुणाच्या शिकवणुकीत वाढलेल्या आम्हा मंडळींना हे जरा रुक्ष वाटते. पण मला तो नम्रपणाचाच एक प्रकार वाटतो.

आपल्या ख्रिस्तसभेने शतकानुशतके निषिद्ध ग्रंथांची सूची चालवली, १५५९पासून १९६६पर्यंत, हे येथे सांगितलेच पाहिजे. कोण काय वाचतो याची चिंता आपल्याला परकी नाही. त्या चिंतेत सारेच वाईट होते असे मी म्हणणार नाही. आत्म्यांची काळजी वाहणाऱ्याला ती वाटतेच. परंतु ती सूची पुस्तकांची होती. विद्यापीठातील यंत्र जी सूची न सांगता तयार करते, ती माणसांची आहे.

आता दुसरी बाजू. ती दुबळी नाही. इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या देवघेवीच्या जुन्या नोंदी पुसल्या नाहीत. तेरा वर्षांतील सुमारे तीस लाख व्यवहारांवरून 'हे पुस्तक नेणाऱ्यांनी आणखी कोणती पुस्तके नेली' हे वाचकांना दाखवले, आणि २००८ साली ती माहिती नावे वगळून जगाला खुली केली. पुढे २०११ साली याच विद्यापीठाने आणखी सात विद्यापीठांसह केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ग्रंथालयाचा वापर आणि पदवी परीक्षेतील यश यांचा निश्चित संबंध आहे. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे त्यांनीही सांगितले. तरी एखाद्या प्राचार्याच्या मनात विचार येणारच: ज्यांनी पहिल्या सत्रात एकही पुस्तक नेले नाही, त्यांची यादी मला मिळाली तर मी वेळीच त्यांच्याशी बोलेन. घरातले पहिलेच शिकणारे मूल, वसतिगृहात एकाकी पडलेली मुलगी, यांना कोणी पाहिलेच नाही म्हणून ती गळून जातात. अशा मुलांना विसरण्याचे तत्त्वज्ञान ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, हे आम्ही वेदीवरून सांगतोच ना?

या युक्तिवादापुढे मी बराच काळ थांबलो. मला जो फरक दिसतो तो असा. मेंढरेही मेंढपाळाचा आवाज ओळखतात. ती ओळख दुतर्फा असते. यंत्राच्या नोंदीवरून होणारी ओळख एकतर्फी असते; ज्याला ओळखले जात आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून 'पुस्तक नेले की नाही' एवढे विचारणारी यादी, विद्यार्थ्यांना आधी सांगून, एका सत्रापुरती केली, तर ती मला क्षम्य वाटते. 'कोणते पुस्तक नेले' हे त्या यादीत असण्याचे कारण मला दिसत नाही. येथे तंत्रज्ञाने 'हुकूम आला, मी यादी काढली' असे म्हणून भागत नाही. यादीत किती रकाने असावेत हे बहुधा त्याच्याच हाती असते. साहेबांना जे हवे असते त्यापेक्षा अधिक रकाने निव्वळ आळसापोटी दिले जातात.

पालकांचेही असेच. आपले लेकरू काय वाचते हे जाणण्याची आईबापांना ओढ असते, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्यांचा अधिकारही आहे. पण विद्यापीठात जाणारा मुलगा सज्ञान असतो. ग्रंथालयाच्या खिडकीशी जाऊन त्याच्या पुस्तकांची यादी मागणाऱ्या वडिलांना ती यादी मिळेलही. त्यांना हवा असलेला मुलगा त्या यादीत सापडायचा नाही. एकदा त्याला कळले, की तो घरी आणायची पुस्तके आणील आणि वाचायची दुसरीकडे वाचील. त्यापेक्षा जेवताना त्याला विचारावे. उत्तर अर्धेच मिळेल, पण ते त्याने दिलेले असेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात हेतू संपला की माहिती पुसावी असे तत्त्व आले. कायद्याला जे सुचले ते त्या जुन्या लाकडी पेटीला आधीच जमत होते, याची गंमत वाटते.

'ठेवा, पण कुलूप लावून ठेवा' असे सुचवणाऱ्यांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचे उदाहरण पुरे व्हावे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये खंडणीखोरांनी तिची संगणक-व्यवस्था फोडली, कर्मचारी व वाचक यांची काही वैयक्तिक माहिती पळवली आणि खंडणी न मिळाल्यावर ती पसरवली. ग्रंथांची तालिका पुढच्या जानेवारीपर्यंत वाचकांना नीट पाहता येत नव्हती. कुलपे तेथेही होती.

उपाय अशक्य नाही. 'कोहा' नावाची प्रणाली न्यूझीलंडमधील एका लहानशा सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ साली लिहिली गेली आणि २०००च्या जानेवारीत सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ती खरोखरच मोफत आहे. भारतातील अनेक विद्यापीठे व महाविद्यालये ती वापरतात. ग्रंथालयाने मुभा दिली असेल तर तिच्यात वाचकाला तीन पर्याय मिळतात: माझ्या वाचनाची नोंद कायम ठेवा, ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे काही काळ ठेवा, किंवा पुस्तक परत येताच माझे नाव त्यापासून तोडा. नाव तोडल्यावरही पुस्तक किती वेळा गेले ही संख्या उरते, त्यामुळे खरेदीचे नियोजन अडत नाही. तरीही सावधगिरी लागतेच. ज्या अभ्यासक्रमाला तीनच विद्यार्थी आहेत, तेथे नाव पुसून 'अमुक अभ्यासक्रमाचा वाचक' एवढे ठेवले तरी तो कोण हे चौथीतले पोर सांगेल.

शिवाय, पर्यायांचे ते पान बहुतेक वाचक कधी उघडतही नसावेत. तेव्हा प्रणाली बसवताना तंत्रज्ञाने आरंभी जो पर्याय ठेवून दिला, तोच सगळ्यांच्या वतीने दिलेला निर्णय ठरतो. आपल्या परिसरातील महाविद्यालयांच्या ग्रंथालय समित्यांवर आपल्यातीलही काही प्राध्यापक काम करतात. नवी प्रणाली घेताना तेथे किंमत, देखभालीचा खर्च, बारकोडची यंत्रे यांची कसून चौकशी होते. पुस्तक परत आल्यावर नावाचे काय होते, राखीव प्रतींतून ते केव्हा जाते, आणि आरंभीचा पर्याय कोणी व कधी ठरवला, हे तीन प्रश्न त्याच बैठकीत विचारता येतील. कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलीला किंवा मुलाला उत्तर द्यायला पाच मिनिटे पुरतील. कदाचित हे कोणी विचारावे म्हणून तो कित्येक दिवस वाटही पाहत असेल.